यंत्राच्या पोटातील जागावाटप



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलावे अशी त्यांची कल्पना होती. त्या विषयांवर मी बारा महिने बोलतो आणि ज्यांनी ऐकायचे ते बारा महिने ऐकत नाहीत. म्हणून आज मुद्दाम वेगळा विषय मागून घेतला आहे. युनिक्स नावाची एक संगणकप्रणाली आहे. तिच्या वळणावर पुढे लिनक्स बांधली गेली, आणि आज जगातील कामाची असंख्य यंत्रे लिनक्सवर चालतात. ह्या प्रणालींत यंत्राच्या पोटातली जागा कशी वाटून दिलेली असते, कोणती वस्तू कोठे ठेवायची आणि कोणी कोठे हात लावायचा, हा आजचा विषय.

मी इंजिनिअर नाही. जे सांगणार आहे ते जुन्या बाजारात मिळालेल्या पुस्तकांतून आणि युनियनच्या कचेरीतल्या एका खटारा यंत्रावर हात मारून शिकलेले आहे, आणि तेही हौसेने नव्हे. ह्या विषयाच्या अर्धवट ज्ञानापायी एका माणसाची एकोणीस वर्षांची नोकरी माझ्या हातून जाता जाता राहिली. ती हकीकत आधी सांगतो.

२०१६ सालची गोष्ट. एका मोठ्या गोदामाच्या जावक खात्यात एक कारकून होते. त्यांचे नाव सांगत नाही, गोदामाचेही सांगत नाही. खात्यातल्या लिनक्स यंत्रावर दर महिन्याच्या जावक मालाची एक फाइल असे, आणि ह्या सगळ्या फाइली एकाच सामायिक जागेत, म्हणजे एका डिरेक्टरीत, ठेवलेल्या असत. एका सकाळी चालू महिन्याची फाइल जागेवर नव्हती. दुसरी प्रत कोणी काढून ठेवलेली नव्हती. आदल्या रात्रपाळीला हे कारकून होते, तेवढ्यावरून त्यांना निलंबित केले आणि सातव्या आठवड्यात हाती आरोपपत्र दिले. आरोप, हेतुपुरस्सर नोंदी नष्ट केल्याचा. सिद्ध झाला तर शिक्षा बडतर्फीची. चौकशीत बचाव प्रतिनिधी म्हणून मी उभा राहिलो.

मी मोठ्या तयारीने गेलो होतो. कंपनीच्या तंत्रज्ञाला सांगितले की मागल्या महिन्यांच्या फाइली पडद्यावर दाखवा. ह्या प्रणालीत प्रत्येक फाइलीसमोर अक्षरांची एक ओळ येते. तिच्यात तीन त्रिकुटे असतात: पहिले मालकाचे, दुसरे गटाचे, तिसरे इतरांचे. प्रत्येक त्रिकुटात वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची परवानगी आहे की नाही ते लिहिलेले असते. मालक, गट आणि इतर! जगाची ही वाटणी अमेरिकेतल्या संशोधकांनी केली, पण ती आमच्या कोणत्याही गिरणीच्या फाटकावर खपली असती. असो. त्या फाइलींचा मालक हेडक्लार्क होता. इतरांना नुसते वाचण्याची मुभा होती, आणि आमचे कारकून इतरांत मोडत होते. मी उठून विचारले की ज्याला ह्या फाइलीत एक अक्षर लिहिता येत नाही, त्याने सगळी फाइल पुसली कशी? चौकशी अधिकाऱ्यांनी टिपून घेतले. मला वाटले, जिंकलो.

तंत्रज्ञ पंचविशीतला मुलगा होता. तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याने आमच्यासमोर तशीच एक फाइल तयार केली, तिची मालकी यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याकडे दिली, आणि मग एका साध्या खात्याने आत जाऊन ती काढून टाकण्याचा हुकूम दिला. यंत्राने एकदा विचारले की ही फाइल लिहिण्याला बंद आहे, तरी काढू काय? त्याने होय म्हटले. फाइल गेली. माझा मुद्दाही तिच्याबरोबर गेला.

त्या रात्री मी मुळापासून शिकायला बसलो. माझी चूक कोठे झाली होती? डिरेक्टरी म्हणजे पेटी आणि फाइल म्हणजे पेटीतला कागद, असे मी धरून चाललो होतो. वस्तुतः युनिक्समधील डिरेक्टरी ही पेटी नव्हेच, ती एक यादी आहे. १९७९ साली निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ह्या यादीची एकेक ओळ बरोबर सोळा बाइटांची होती: दोन बाइट क्रमांकाला आणि चौदा नावाला. बस्स, आणखी काही नाही. फाइलीचा मजकूर कोठे आहे, तिचा मालक कोण, परवानग्या कोणत्या, हे सगळे त्या क्रमांकाच्या टिपणात असते. त्या टिपणाला आयनोड म्हणतात. आणि गंमत अशी की त्या टिपणात फाइलीचे नाव नसते. नाव असते ते फक्त यादीत.

गिरणीत ज्यांनी दिवस काढले त्यांना हे चटकन समजेल. मस्टरवर काय असते? कामगाराचे नाव आणि बिल्ला नंबर. माणूस मस्टरमध्ये राहत नाही, तो त्याच्या खोलीत राहतो. पण मस्टरवरून त्याचे नाव खोडले की दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याला कोणी ओळखत नाही. आणि नाव खोडायला परवानगी कोणाची लागते? कामगाराची नव्हे, ज्याच्या हाती मस्टर आणि पेन आहे त्याची! युनिक्समध्ये तंतोतंत हेच आहे. फाइल काढून टाकणे म्हणजे यादीतली ओळ खोडणे. म्हणून फाइलीवर लिहिण्याची परवानगी आहे की नाही हे पाहिले जात नाही, डिरेक्टरीवर लिहिण्याची आहे की नाही हे पाहिले जाते. एकच क्रमांक दोन याद्यांत दोन नावांनी असू शकतो. तसे असेल तर एक नाव खोडल्याने फाइल जात नाही. शेवटचे नाव गेले आणि कोणी ती उघडून बसलेले नसले, तरच तिची जागा मोकळी होते.

चौदा बाइटांवरून एक आठवले, सांगून टाकतो. आज आपण फाइलींना देवनागरीत नावे देतो. हे शक्य झाले ते यूटीएफ-८ नावाच्या लेखनपद्धतीमुळे. ती १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक ह्या दोघांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी चटईवर आखली. तिच्यात आपले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, तीन बाइट खाते. ‘पगार’ ह्या शब्दाला बारा बाइट लागतात आणि ‘हजेरी’ला पंधरा. म्हणजे त्या जुन्या चौदा बाइटांत पगार मावला असता, हजेरी मावली नसती! आमच्या सभासदांना ही व्यवस्था फार आवडली असती. आज मर्यादा बहुधा २५५ बाइटांची असते, तेव्हा दोन्ही सुखाने मावतात.

आता ह्या याद्यांची रचना पाहू. एका यादीतला क्रमांक दुसऱ्या यादीचा असू शकतो, तिच्यातला तिसरीचा, असे करता करता झाड तयार होते. सगळ्यांच्या वर एक यादी असते, तिला मूळ, म्हणजे रूट, म्हणतात. तिचे चिन्ह नुसती एक तिरकी रेघ. प्रत्येक डिरेक्टरीत ‘दोन टिंबे’ अशी एक नोंद असते, तिचा अर्थ आपल्या वरची. मुळात गेल्यावर दोन टिंबे कोठे नेतात? मुळातच. त्याच्यावर कोणी नाही. विंडोजच्या यंत्रावर काम करणाऱ्यांना सी, डी अशा अक्षरांच्या वेगवेगळ्या तबकड्या परिचित आहेत, म्हणजे जेवढ्या तबकड्या तेवढी झाडे. युनिक्समध्ये झाड एकच. नवी तबकडी आणली तर तिची अख्खी फांदी ह्याच झाडाच्या एखाद्या डहाळीला बांधतात, आणि वापरणाऱ्याला सांधा दिसत नाही.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे, कारण चौकशीत ह्याच घोटाळ्यावर आमचा अर्धा तास गेला. रूट ही सर्वांत वरची डिरेक्टरी. रूट हेच नाव यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचे, ज्याला परवानग्यांचे बंधन नाही. आणि त्या सर्वाधिकाऱ्याच्या राहत्या खोलीचे नावही रूट. तीन वस्तू आणि एक नाव! आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे, पण वरची खोल्यांची मांडणी गूगलने आपली वेगळी केली आहे. तेथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र रहिवासी समजून त्याची खोली दुसऱ्यापासून बंद ठेवतात, आणि ती रीत चांगली आहे. परंतु फोन विकत घेणारा माणूस सर्वसाधारणपणे त्या फोनवर रूट नसतो. पैसे आपले, घर आपले, किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याकडे. असो.

तर मुळाच्या यादीत काय असते? बिन, एसबिन, लिब, डेव्ह, ईटीसी, यूएसआर, व्हार, टेंप, होम अशी आखूड नावांची रांग असते. प्रथम पाहणाऱ्याला वाटते की कोणा विद्वानांच्या समितीने हे एका बैठकीत ठरवले असेल. तसे मुळीच नाही. ह्यातली निम्मी वाटणी अडचणीतून झालेली आहे, आणि यूएसआरची कथा तर चाळीत राहणाऱ्या कोणालाही आपलीच वाटेल अशी आहे.

१९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानात मरे हिल येथे बेल टेलिफोन प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सोबत्यांनी युनिक्सला आरंभ केला. मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य प्रकल्पातून त्यांच्या संस्थेने नुकतेच अंग काढून घेतले होते. झाडासारखी डिरेक्टरी ही कल्पना त्यांना त्याच प्रकल्पातून मिळाली, पण मल्टिक्सचा पैसा आणि यंत्रे त्यांच्याजवळ राहिली नाहीत. लवकरच पीडीपी-११ हे यंत्र मिळाले, तरी त्याची पहिली तबकडी लहान होती. तिच्यावर प्रणालीचा गाभा आणि अत्यावश्यक हुकूम, म्हणजे बिन, एवढेच नीट मावे. म्हणून वापरणाऱ्या माणसांची बिऱ्हाडे दुसऱ्या तबकडीवर हलवली आणि ती तबकडी यूएसआर ह्या नावाखाली झाडाला बांधली. यूएसआर म्हणजे युझर, वापरणारा, त्यातले एक अक्षर गाळलेला. तेथे यूएसआर/केन ही थॉम्पसन ह्यांची खोली, यूएसआर/डीएमआर ही रिची ह्यांची.

पुढे बिनमध्ये हुकूम वाढत गेले आणि पहिल्या तबकडीवर दाटी झाली. मग उरलेले हुकूम शेजारच्या बिऱ्हाडात, यूएसआर/बिन ह्या नावाने, ठेवू लागले. सातव्या आवृत्तीच्या पुस्तकात हे स्वच्छ कबूल केले आहे: पहिले बिन लहान राहावे म्हणून हे दुसरे. कोणता हुकूम कोठे ठेवायचा ह्याला मात्र एक पक्का नियम लागला. दुसरी तबकडी झाडाला बांधण्याचा जो हुकूम, तो पहिल्याच तबकडीवर हवा. तो यूएसआरमध्ये ठेवला तर कोठाराची किल्ली कोठाराच्या आत राहिली असे होईल. तेव्हा यंत्र उठून उभे राहीपर्यंत जे जे लागेल ते पहिल्या बिनमध्ये, आणि बाकीचे दुसऱ्यात.

काळ गेला. तबकड्या मोठ्या झाल्या. माणसांची बिऱ्हाडे यूएसआरमधून उठून होम नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत गेली. यूएसआरमध्ये उरले फक्त हुकूम आणि त्यांचे साहित्य. रहिवासी गेले, पाटी राहिली. मुंबईत गिरण्या गेल्या आणि गिरणगाव हे नाव राहिले, त्यातलाच हा प्रकार. पुढच्या पिढीतल्या काही पंडितांना हे नाव खटकले म्हणून त्यांनी यूएसआर म्हणजे ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ असा अर्थ बसवला. तो मागाहून शिवलेला अंगरखा आहे. पुस्तकात दिसला तर विश्वास ठेवू नये.

किल्ली आणि कोठाराचा प्रश्नही यथावकाश मिटला. आता यंत्र उठताना प्रथम स्मरणात एक तात्पुरते लहानसे झाड उभारते, लागणारी हत्यारे त्याच्यात असतात, आणि खरे झाड नंतर जोडले जाते. मग दोन बिन कशाला? २०१२ साली फेडोरा ह्या लिनक्सने सतराव्या आवृत्तीत दोन्ही एक केले. डेबियनमध्ये ह्यावर वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले आणि २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत तेथेही एकत्र मांडणी सक्तीची झाली. ह्या बदलात मला एक गोष्ट फार मानाची वाटते. जुने बिन त्यांनी नुसते पाडले नाही. त्या जागी एक निर्देश ठेवला, की बिन विचारणाऱ्याने यूएसआर/बिनमध्ये जावे. जगभर हजारो लोकांनी लिहिलेल्या हुकूमनाम्यांच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता आहे, तो आजही चालतो. आमच्याकडे खात्यांचे विलीनीकरण होते तेव्हा जुन्या खात्यातल्या माणसाचा हक्क शोधायला मला कोर्टात जावे लागते. येथे टपाल जुन्या पत्त्यावर टाकले तरी पोहोचते.

ईटीसी म्हणजे ‘इत्यादी’. ज्याला दुसरीकडे जागा नाही ते येथे, अशी तिची सुरुवात. पूर्वी तेथे काही हुकूमही असत. आज मात्र ती यंत्राचे नियमपुस्तक आहे. कोणती तबकडी कोठे बांधायची, यंत्राचे नाव काय, कोणाकोणाला खाते आहे, हे सारे साध्या वाचता येण्याजोग्या मजकुरात असते. खातेदारांची जी फाइल आहे तिच्यात पूर्वी प्रत्येकाचा परवलीचा शब्द गूढ रूपात लिहिलेला असे, आणि फाइल सर्वांना वाचायला खुली. यंत्रे वेगवान झाली तशी ती गूढ अक्षरे फोडणे लोकांना जमू लागले. तेव्हा परवली फक्त रूटला दिसेल अशा वेगळ्या फाइलीत हलवल्या. जुन्या फाइलीत त्या जागी आज एक्स हे अक्षर असते, भिंतीवरच्या तसबिरीची जागा दाखवणाऱ्या खिळ्यासारखे. डेव्हमध्ये यंत्राला जोडलेली उपकरणे फाइलींच्या रूपाने असतात. तेथे ‘नल’ नावाची एक फाइल आहे. तिच्यात काहीही ओता, ते नाहीसे होते. आमच्या कित्येक मागणीपत्रांचा मार्ग तेथूनच जात असावा.

आता व्हार. माझ्या मते ह्या सगळ्या झाडातली कामगाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची फांदी हीच. १९८० च्या दशकात सन ह्या कंपनीने स्वतःची तबकडी नसलेली यंत्रे बाजारात आणली. दहा यंत्रांनी एकाच मोठ्या यंत्रावरचे यूएसआर तारेवरून सामायिक वापरायचे. पण दहा जणांना जे सामायिक द्यायचे त्यात कोणीच लिहिता कामा नये. आणि यूएसआरमध्ये तर टपालाच्या रांगा, छपाईच्या रांगा, नोंदी अशा सतत बदलणाऱ्या वस्तू शिरून बसल्या होत्या. म्हणून ज्या वस्तू बदलतात त्या सगळ्या बाहेर काढून त्यांना वेगळी जागा दिली, तीच व्हार. नाव ‘व्हेरिएबल’, बदलते, ह्यावरून.

लिनक्सवाल्यांनी पुढे हेच सूत्र नियमात बसवले. प्रत्येक वाटपकर्ता आपल्या मनाने वस्तू ठेवू लागला होता, त्यामुळे एका लिनक्ससाठी लिहिलेले काम दुसऱ्यावर अडे. तेव्हा काही स्वयंसेवकांनी एकत्र येऊन १४ फेब्रुवारी १९९४ रोजी एक मसुदा प्रसिद्ध केला. त्याचाच विस्तार होऊन आज जो प्रमाण-दस्तऐवज आहे त्याची तिसरी आवृत्ती २०१५ साली निघाली. त्याचा गाभा दोन प्रश्नांत आहे. ही वस्तू अनेक यंत्रांना सामायिक देता येईल की ह्याच यंत्राची आहे? आणि ही वस्तू स्थिर आहे की चालताना बदलते? यूएसआर सामायिक आणि स्थिर. ईटीसी ह्याच यंत्राची, पण स्थिर. व्हारमधील टपाल सामायिक होऊ शकते, पण बदलते. चालू कामांच्या खुणा ह्याच यंत्राच्या आणि बदलत्याही. कोणत्याही सरकारचा हुकूम नसता, वर्गणी नसता, मतदान नसता हा नियम टिकला. तो सगळे पाळतात असे नाही. पण जो मोडतो त्याला आपण मोडतो आहोत हे ठाऊक असते, आणि संघटनेचा मनुष्य म्हणून मला हेही थोडे वाटत नाही.

व्हारमध्ये लॉग नावाची डिरेक्टरी असते. यंत्राची रोजनिशी ती हीच. कोण केव्हा आत आला, कोणाची परवली चुकली, कोणी रूटचा अधिकार वापरला, ह्याच्या वेळेसकट नोंदी तेथे पडतात. बदलती वस्तू म्हणजे वाढती वस्तू, आणि वाढणाऱ्या वस्तूने तबकडी भरून जाईल. म्हणून एक लहानसा हुकूम ठरावीक काळाने जुनी वही बाजूला ठेवतो, नवी सुरू करतो आणि फार जुनी वही नष्ट करतो. त्याचे नियम अर्थातच ईटीसीमध्ये असतात. पुष्कळ लिनक्सांत मूळ मांडणी अशी येते की वही आठवड्याला बदलावी आणि जुन्या चार ठेवाव्यात.

आता गोदामाकडे परत येतो. पुढल्या तारखेला मी वेगळा प्रश्न विचारला: फाइल राहू द्या, त्या डिरेक्टरीची परवानगी दाखवा. पडद्यावर तिन्ही त्रिकुटे पूर्ण भरलेली दिसली. मालक, गट, इतर, सर्वांना सर्व मुभा. यंत्रावर अकरा जणांची खाती होती. म्हणजे मस्टर आणि पेन फाटकावर उघडे टाकले होते, अकराजणांपैकी कोणीही नाव खोडू शकत होता, आणि आरोप रात्रपाळीच्या एकट्यावर! तंत्रज्ञाने हे मान्य केले.

मग मी त्या रात्रीच्या नोंदी मागितल्या. खुलासा करतो की त्या नोंदींत फाइल कोणी काढली हे लिहिलेले नसते, कोण केव्हा आत होता एवढेच असते. परंतु डिरेक्टरीच्या अंगावर तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला ती वेळ उमटलेली असते. ती वेळ आणि आत असलेल्यांची यादी शेजारी शेजारी ठेवली असती तर अकरा नावांची दोन-तीन झाली असती, कदाचित एकच. त्यातून आमच्या माणसाचे नाव सुटले असते, किंवा नसतेही सुटले. पण सत्य तरी कळले असते. दोन्ही गोष्टी हातच्या गेल्या होत्या. त्याच सकाळी घाईघाईने त्या डिरेक्टरीत नवी फाइल तयार केली गेली, त्यामुळे जुनी वेळ पुसून नवी उमटली. आणि नोंदींच्या वह्या चार आठवडे ठेवण्याची मांडणी, आरोपपत्र मात्र सातव्या आठवड्यात. कोणी मुद्दाम काही केले असे मी म्हणत नाही. यंत्राने नेमून दिलेले काम केले, आणि आम्ही सात आठवडे आरोपपत्राची वाट पाहत बसलो. ही चूक कंपनीची जेवढी, तेवढीच माझी. निलंबनाच्या दुसऱ्याच दिवशी मी पत्र दिले असते तर वह्या हाती असत्या.

चौकशीचा निष्कर्ष आरोप सिद्ध होत नाही असा आला. पाच महिन्यांनी कारकून कामावर परत गेले. निलंबनकाळातल्या उरलेल्या पगाराबद्दल तडजोड झाली, ती अर्ध्यावर. फाइल कोणी काढली हे आजतागायत कोणाला कळलेले नाही. खात्यातले सहकारी त्यांच्याशी बोलतात, पण ते जवळ आले की गप्पा थांबतात, असे त्यांनी मला एकदा सांगितले. सिद्ध न होणे आणि निर्दोष ठरणे ह्यात हे अंतर आहे, आणि ते अंतर चार वह्या आणि सात आठवडे एवढ्या मापाचे होते.

त्या डिरेक्टरीवर उपाय एका अक्षराचा होता. प्रत्येक लिनक्स यंत्रावर टेंप नावाची सार्वजनिक जागा असते, धर्मशाळेसारखी. तेथे कोणीही यावे, आपली वस्तू ठेवावी. परवानगी सर्वांना असल्यामुळे कोणीही कोणाचेही खोडू शकला असता. तसे होऊ नये म्हणून १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सवाल्यांनी अशा डिरेक्टरीसाठी एक खूण प्रचारात आणली. तिला स्टिकी बिट म्हणतात, आणि परवानग्यांच्या ओळीत शेवटी टी हे अक्षर दिसते. ती खूण असली की लिहावे सर्वांनी, पण खोडावे ज्याचे त्याने, किंवा डिरेक्टरीच्या मालकाने, किंवा रूटने. गोदामातल्या त्या सामायिक डिरेक्टरीवर हे अक्षर असते तर इतर कारकुनांना हेडक्लार्कची फाइल काढताच आली नसती आणि प्रकरण उभेच राहिले नसते. चौकशी संपल्यावर तंत्रज्ञाने ते अक्षर लावले. अर्धे मिनिट लागले.

तेव्हापासून आमच्या युनियनमध्ये असा रिवाज आहे की यंत्रावरील नोंदींसंबंधी कोणाही सभासदावर ठपका येतो असे दिसले, की आरोपपत्राची वाट न पाहता त्याच दिवशी व्यवस्थापनाला पत्र जाते. पत्रात तीन मागण्या असतात. व्हारमधील लॉग डिरेक्टरीची नक्कल आजच काढावी. ज्या डिरेक्टरीबद्दल तक्रार आहे तिची परवानगी, मालक आणि शेवटच्या बदलाची वेळ तिच्यात काहीही नवे ठेवण्यापूर्वी छापून घ्यावी. आणि हे दोन्ही उभय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर व्हावे, कारण रूटला नोंदीदेखील बदलता येतात आणि रूटची परवली नेहमी एकाच पक्षाकडे असते. ह्या पत्राचा मसुदा मी मराठीत करून आणला आहे. प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, ज्यांना हव्या असतील त्यांनी जाताना घ्याव्यात.